मराठी, कन्नड, इंग्रजी वाक्यं एम्बेडिंगनं जुळवताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी माझ्यासमोर जवळपास एकसारखी एक्सेल उघडली. डावीकडे मराठी वाक्यं, उजवीकडे कन्नड नाहीतर इंग्रजी, शेवटच्या रकान्यात ०.८१, ०.७६, ०.८४ असे आकडे: दोन वाक्यांचा अर्थ किती जवळचा, याचे संगणकाच्या मॉडेलनं दिलेले गुण. प्रश्नही एकच: "किती आला म्हणजे जुळलं समजायचं?"

याचं उत्तर तुमच्याच वाक्यांतून काढावं लागतं, दुसऱ्याच्या कामातला ०.८ आपल्याकडे चालत नाही. बहुतेक जण मॉडेल आधी चालवतात आणि आकडे हातात आल्यावर त्यांचा अर्थ शोधत बसतात. क्रम उलटा हवा. खाली तो क्रम दिला आहे. पायथॉन थोडंफार येतं असं धरून चाललो आहे.

उदाहरण माझ्या कामातलंच घेतो. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागांसाठी फवारणीच्या सूचना. मूळ मजकूर मराठीत, औषधांची माहिती इंग्रजीत, आणि जत तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या गावांसाठी काही कागद कन्नडमध्ये. मिरजेत बसून हे तीन गठ्ठे जुळवायचे होते: कोणत्या मराठी सूचनेचं कन्नड रूप आहे, कोणत्याचं नाही, आणि कुठे दोन भाषांत चक्क वेगळंच सांगितलंय.

## टप्पा १: काम नेमकं कोणतं, ते एका ओळीत लिहा

मॉडेल वाक्य घेतं आणि त्याच्या बदल्यात काहीशे आकड्यांची एक ओळ देतं. तिलाच एम्बेडिंग म्हणतात. अर्थ जवळचा असेल तर या ओळींची दिशा जवळची. एवढंच. पण "जवळचा अर्थ" म्हणजे काय, हे कामागणिक बदलतं.

भाषांतर शोधायचं असेल तर दोन्ही वाक्यांनी तंतोतंत तेच म्हणायला हवं. शेतकऱ्याच्या प्रश्नाला तयार उत्तर शोधायचं असेल तर प्रश्न आणि उत्तर ही मुळातच वेगळी वाक्यं आहेत. "पानावर पांढरी बुरशी दिसतीया, काय मारू?" हा प्रश्न आणि "भुरीसाठी गंधकाची फवारणी घ्यावी" हे उत्तर एकमेकांचं भाषांतर नाही, तरी जुळायला हवं. ही दोन कामं एकाच मॉडेलवर, एकाच मर्यादेवर (म्हणजे किती गुणांपासून जुळलं म्हणायचं त्या रेघेवर) ढकलली की दोन्ही बिघडतात.

तपासा: "अमुक भाषेतलं वाक्य, तमुक भाषेतल्या वाक्याचं भाषांतर आहे का" किंवा "अमुक प्रश्नाचं उत्तर या परिच्छेदात आहे का", अशी एक ओळ लिहून समोर चिकटवा. ती लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: मजकूर निवडून, धुऊन घ्या

निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

पहिली अडचण जुन्या फॉन्टची. छापखान्यातून आलेल्या फायली श्रीलिपी, आयएसएम किंवा शिवाजी फॉन्टमधल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला असतो. मॉडेल तक्रार करत नाही, त्या काल्याचेही आकडे काढून देतं. म्हणून प्रत्येक फाइलमधली दोन वाक्यं साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. देवनागरी दिसली तर ठीक, नाहीतर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. क्ष, ज्ञ, ऱ्य, ॲ या चार ठिकाणी हमखास गडबड होते.

दुसरी अडचण दिसतच नाही. "शेतकऱ्यांना" हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात वेगळा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकासाठी निराळे. "ॲ" चंही तसंच. एक अख्खं अक्षर, दुसरं "अ" वर चंद्र चढवून केलेलं. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं) करून घ्याच, पण या दोन्ही गोष्टी त्यानं सुटत नाहीत. त्यासाठी शोधा-आणि-बदलाची स्वतःची छोटी यादी ठेवा. माझी यादी नऊ ओळींची आहे आणि ती प्रत्येक कामात उपयोगी पडते.

तिसरी अडचण व्हॉट्सॲपवरची. रोमन अक्षरांत टाइप केलेलं मराठी या मॉडेलांना फार कमी कळतं. ते आधी देवनागरीत आणा, किंवा निदान वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा.

आणि आकडे. देवनागरी ५, इंग्रजी लिपीतला पाच, शब्दातला "पाच" या तिन्हींसाठी एक वेगळा रकाना करा आणि त्यात सगळे एकाच रूपात लिहा. दीड, अडीच, सव्वा, पाऊण, साडेतीन हे शब्द विसरू नका. इंग्रजीत १.५ लिहिलेलं असतं, मराठीत "दीड मिली", आणि आठव्या टप्प्यात याच रकान्यावर सगळी भिस्त आहे.

बोलीभाषा मात्र प्रमाण करत बसू नका. "दिसतीया" चं "दिसत आहे" करायचा मोह होतो. शेतकरी उद्याही तसंच लिहिणार आहे, तेव्हा मॉडेलला ते झेपतं का हे आजच कळलेलं बरं.

थांबा: एक्सेलमधून सीएसव्ही जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात आणि मूळ फाइलवरच जतन केलं असेल तर परतीची वाट नाही.

तपासा: प्रत्येक वाक्याला स्वतःचा क्रमांक दिलाय का? ओळीच्या जागेवर विसंबू नका. कोणीतरी मध्येच एक रकाना अकारविल्हे लावतो आणि सगळ्या जोड्या सरकतात.

## टप्पा ३: वाक्यं तोडणं

पूर्णविरामावर तोडायचं म्हटलं की मराठीत "ता. तासगाव, जि. सांगली" चे तीन तुकडे होतात. रु., डॉ., क्र., कि.मी., ग्रॅ. यांचंही तसंच. आधी या संक्षेपांतला टिंब एखाद्या खुणेनं झाका, मग तोडा, मग खूण काढून टिंब परत आणा.

उलट बाजूनं, अख्खा परिच्छेद एकदम देऊ नका. प्रत्येक मॉडेलची लांबीची मर्यादा असते आणि तिच्यापुढचा मजकूर बहुधा मुकाट्यानं कापला जातो. मर्यादा टोकनांत असते, म्हणजे मॉडेल शब्दांचे जे तुकडे करतं त्यांत, शब्दांत नाही. "द्राक्षबागायतदारांसाठी" हा आपल्याला एक शब्द, पण मॉडेल त्याचे अनेक तुकडे करतं. त्यामुळे १२८ टोकनांची मर्यादा मराठीत वाटते त्यापेक्षा खूप लवकर संपते.

तपासा: सगळ्यात लांब वीस वाक्यं मॉडेलच्याच टोकनायझरमधून (तुकडे करणाऱ्या भागातून) काढा आणि टोकनं मोजा. मर्यादेबाहेर गेलेली फोडा.

## टप्पा ४: मॉडेल निवडा, पण भाषांची यादी वाचून

इथे चूक होते ती घाईत. "बहुभाषिक" लिहिलंय म्हणजे आपल्या सगळ्या भाषा आल्या, असं गृहीत धरलं जातं.

सगळ्यात लोकप्रिय छोटं मॉडेल म्हणजे पॅराफ्रेझ मल्टिलिंग्वल मिनीएलएम. हलकं, ३८४ आकड्यांची ओळ, साध्या लॅपटॉपवर धावतं. पन्नासहून जास्त भाषांच्या त्याच्या यादीत मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू आहेत. कन्नड नाही. तरी कन्नड वाक्य दिलं तर चूक दाखवत नाही, आकडे मिळतातच. सांगली-कोल्हापूरच्या माणसानं हे मॉडेल निवडताना एवढं ध्यानात ठेवलं तरी एक आठवडा वाचेल. माझा गेला.

भाषांतराच्या जोड्या शोधायला गुगलचं लाबसे. २०२० मध्ये आलं, १०९ भाषा, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही, ७६८ आकडे. ते भाषांतराच्या जोड्या ओळखायलाच खास शिकवलेलं आहे, त्यामुळे "हे त्याचं भाषांतर आहे का" या कामात पक्कं. प्रश्न-उत्तराच्या कामात तेवढं चालत नाही.

प्रश्नावरून परिच्छेद शोधायचा असेल तर मल्टिलिंग्वल ई-फाइव्ह किंवा बीजीई-एम-थ्री पाहा. दुसऱ्याची लांबीची मर्यादा ८१९२ टोकनांची आहे, ई-फाइव्हची ५१२. ई-फाइव्ह वापरताना प्रत्येक मजकुराच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षरांत "क्वेरी" किंवा "पॅसेज" हा शब्द, कोलन आणि एक मोकळी जागा द्यावी लागते. प्रश्नाला पहिला, परिच्छेदाला दुसरा. सारख्याच दर्जाची वाक्यं ताडायची असतील तर दोन्हीकडे पहिला. हे न देता चालवलं तर निकाल उतरतो आणि कारण सापडत नाही. शिवाय त्याचे गुण साधारण ०.७ ते १ याच पट्ट्यात पडतात. तिथे ०.७८ पाहून खूश होऊ नका, तो अगदी असंबद्ध जोडीलाही मिळू शकतो.

फक्त भारतीय भाषा असतील तर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचं इंडिक-एसबर्टही घ्या. त्यात मराठी, कन्नड, हिंदी आहेत.

दोन मॉडेलं निवडा, जास्त नको. त्यांतलं कोणतं ठेवायचं हे पुढचा टप्पा सांगेल.

## टप्पा ५: मॉडेल चालवण्याआधी कसोटीच्या जोड्या बनवा

हाच टप्पा सगळे गाळतात.

प्रत्येक भाषाजोडीसाठी शंभर जोड्या हातानं करा. मराठी-कन्नडच्या वेगळ्या, मराठी-इंग्रजीच्या वेगळ्या. पन्नास खऱ्या, पन्नास खोट्या. खोट्यांपैकी निम्म्या कुठल्याही दोन वाक्यांच्या असल्या तरी चालतील, पण उरलेल्या निम्म्या मुद्दाम फसव्या हव्यात: विषय तोच, मांडणी तीच, अर्थ वेगळा.

माझ्या पहिल्या यादीत फसव्या जोड्या नव्हत्याच. मॉडेलनं सगळ्या कसोट्या झकास पार केल्या, मीही खूश. जुळलेल्या जोड्यांचा कागद घेऊन तासगावकडच्या एका जुन्या बागायतदारांकडे गेलो. कन्नड ओळींखाली मराठी अर्थ लिहून नेला होता. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वरचं डाऊनीचं हाय. आन् खाली भुरीचं लिवलंय. ह्ये एक कसं?"

"गुण चांगले पडलेत, अण्णा."

"गुण पडू द्यात की. डाऊनीला बोर्डो मारायचं, तिथं गंधक मारून काय उपेग?"

मॉडेलच्या दृष्टीनं दोन्ही वाक्यांत द्राक्ष, रोग, "दिसताच" आणि फवारणी होती. शेजारी-शेजारी बसणारच. बागेच्या दृष्टीनं मात्र ती दोन वेगळी दुखणी.

तेव्हापासून माझ्या फसव्या जोड्या अशा असतात:

- रोगाचं किंवा पिकाचं नाव बदललेलं: डाऊनी आणि भुरी, द्राक्ष आणि डाळिंब.
- नकार घातलेला: "फुलोऱ्यात फवारा" आणि "फुलोऱ्यात फवारू नका".
- मात्रा बदललेली: लिटरला २ मिली आणि लिटरला २० मिली.
- हंगाम बदललेला: खरड छाटणी आणि फळछाटणी.
- दिसायला सारखा, अर्थानं वेगळा शब्द. हिंदी असेल तर हे हवंच. "त्याला शिक्षा झाली" आणि "उसे शिक्षा मिली" यांत लिपी एक, शब्द एक, पण एक जण तुरुंगात आहे आणि दुसरा शाळेत.

कन्नडच्या जोड्या दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. यंत्रानं केलेलं भाषांतर कसोटीत घालू नका. ते इतकं सरळसोट असतं की मॉडेल उगाच हुशार दिसतं. जतकडच्या कन्नडमध्ये मराठी शब्दही भरपूर येतात, पुस्तकी कन्नडवर घेतलेली परीक्षा तिथे फारशी कामाची नाही.

## टप्पा ६: आकडे काढा

सेंटेन्स ट्रान्सफॉर्मर्स हे पायथॉनचं पॅकेज वापरा आणि मॉडेल त्याच्यातूनच उघडा. लाबसे साधं बर्ट (गुगलचं सर्वसाधारण भाषा-मॉडेल) म्हणून उघडून टोकनांची सरासरी काढणारे लोक पाहिलेत. वाक्याचा एक आकडा-संच कसा बनवायचा ही रीत मॉडेलसोबत ठरलेली असते, ती बदलली की निकाल बदलतो.

एन्कोड करताना, म्हणजे वाक्यांचे आकडे काढताना, नॉर्मलाइझचा (प्रत्येक ओळीची लांबी १ करण्याचा) पर्याय चालू ठेवा. मग दोन ओळींचा साधा गुणाकार-बेरीज हाच कोसाइन गुण होतो, म्हणजे त्यांची दिशा किती जवळची ते सांगणारा आकडा.

आकाराची चिंता नको. ७६८ आकडे, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे वाक्यामागे ३ केबी. दहा हजार वाक्यांना ३० एमबी. एवढ्यासाठी व्हेक्टर डेटाबेस (अशा ओळी साठवून त्यांत शोध घेणारी खास व्यवस्था) उभारायला सांगणारे भेटतील. ऐकून घ्या आणि सोडून द्या. चार हजार मराठी आणि तीन हजार कन्नड वाक्यांच्या १ कोटी २० लाख जोड्या साधा लॅपटॉप विनासायास ताडतो. एकदा उतरवलं की मॉडेल इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे शेतकऱ्यांचे मेसेज बाहेर जात नाहीत. नावं आणि फोन नंबर तरीही आधीच काढून टाका.

थांबा: फाइलच्या नावातच मॉडेलचं नाव आणि तारीख लिहा. लाबसे आणि ई-फाइव्हचं मधलं मॉडेल, दोघांच्याही ओळी ७६८ आकड्यांच्याच. एका मॉडेलच्या मराठी ओळी आणि दुसऱ्याच्या कन्नड ओळी चुकून एकत्र आल्या तर प्रोग्राम चूक दाखवणार नाही. निव्वळ कचरा मिळेल, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत नेटका.

तपासा: एकच वाक्य दोनदा द्या, गुण १ यायला हवा. मग एक पक्की भाषांतराची जोडी आणि एक पूर्ण असंबद्ध जोडी. पहिली दुसरीच्या वर नसेल तर मागच्या टप्प्यांत काहीतरी सांडलंय.

## टप्पा ७: मर्यादा ठरवा आणि जोड्या लावा

आता कसोटीच्या शंभर जोड्यांपैकी वीस बाजूला ठेवा आणि उरलेल्या गुणांच्या उतरत्या क्रमानं लावा. वर खऱ्या, खाली खोट्या, आणि मध्ये कुठेतरी दोन्ही मिसळलेल्या. तो मिसळलेला पट्टा हेच तुमचं उत्तर. पट्ट्याच्या वरचं घ्या, खालचं सोडा, मधलं माणसानं वाचा. ज्या मॉडेलचा पट्टा अरुंद ते ठेवा. एकच रेघ मारण्याचा हट्ट धरू नका, आणि मराठी-इंग्रजीची मर्यादा मराठी-कन्नडला लावू नका.

बाजूला ठेवलेल्या वीस जोड्या मर्यादा ठरवताना पाहू नका. ठरलेली मर्यादा त्यांच्यावर लावून बघा.

मग खरी जुळणी. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, सगळ्या भाषा एकाच ढिगात टाकून "सगळ्यात जवळचं" शोधू नका. एकाच भाषेतली वाक्यं एकमेकांना जास्त गुण देतात, त्यामुळे मराठी वाक्याला शेजारी मराठीच मिळतात. शोध फक्त दुसऱ्या भाषेच्या गठ्ठ्यात घ्या.

दुसरी गोष्ट, काही वाक्यं सगळ्यांशीच जुळतात. "अधिक माहितीसाठी कृषी सहायकाशी संपर्क साधा" हे त्यातलं. कोणाचंही लग्न असो, पहिल्या पंगतीला हजर. त्यावर चांगला उपाय आहे. जोडीचा गुण घ्या. दोन्ही वाक्यांचे समोरच्या भाषेतले चार-चार जवळचे शेजारी घेऊन त्यांच्या गुणांची सरासरी काढा. जोडीच्या गुणाला त्या सरासरीनं भागा. मिकेल आर्तेत्क्से आणि होल्गर श्वेंक यांनी २०१९ च्या शोधनिबंधात भाषांतराच्या जोड्या शोधायला हीच रीत वापरली. भागाकार १ च्या आसपास म्हणजे ही जोडी शेजाऱ्यांपेक्षा काही खास नाही. जितका वर, तितकी ती उठून दिसते. मर्यादा याच भागाकारावर पुन्हा ठरवा.

शेवटी उलटी तपासणी: मराठी क्रमांक ११२ चा पहिला शेजारी कन्नड ४० असेल, तर कन्नड ४० चा पहिला शेजारी मराठी ११२ आहे का? नसेल तर ती जोडी मधल्या पट्ट्यात टाका.

## टप्पा ८: दुसरी चाळणी, आकडे आणि नकार

एम्बेडिंगला आकड्याचं वजन फारसं कळत नाही. सांगलीत हे समजवायला एक उदाहरण पुरतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. "पाणी ४० फुटांवर" आणि "पाणी ४५ फुटांवर" ही वाक्यं मॉडेलला जुळ्या भावंडांसारखी. नदीकाठच्या माणसाला मात्र सामान बांधणं आणि घर सोडणं एवढा फरक.

म्हणून जुळलेल्या प्रत्येक जोडीवर साधा प्रोग्राम चालवा, मॉडेल न वापरता. दुसऱ्या टप्प्यात केलेल्या रकान्यातले दोन्हीकडचे आकडे सारखे आहेत का? एककं सारखी आहेत का? एकीकडे नकार आहे आणि दुसरीकडे नाही असं झालंय का? मराठीत नको, नये, नका, टाळा ही रूपं घ्या. कन्नडची यादी भाषेच्या जाणकाराकडून करून घ्या, कारण तिथे नकार बऱ्याचदा क्रियापदाला चिकटून येतो. पिकांची आणि रोगांची तिन्ही भाषांतली छोटी कोशयादीही इथेच लावा.

फरक दिसला की जोडी बाद करू नका, वाचायच्या ढिगात टाका. "१५ लिटरच्या पंपाला ३० मिली" आणि "लिटरला २ मिली" ही मात्रा एकच आहे, पण प्रोग्रामला ते कळणार नाही.

## टप्पा ९: वाचन

मधला पट्टा पूर्ण वाचा. वरच्या पट्ट्यातल्या पन्नास जोड्या चिठ्ठ्या टाकून उचला आणि त्याही वाचा. वाचणाऱ्याला गुणांचा रकाना दाखवू नका, ०.९१ दिसला की माणूस वाचायचं थांबतो, मीही थांबतो. चूक सापडली की ती जोडी कसोटीच्या यादीत फसवी म्हणून भरा.

मॉडेलची आवृत्ती बदलली, नवा मजकूर आला किंवा हिंदीसारखी एखादी भाषा वाढली, तर पाचव्या टप्प्यापासून पुन्हा. माझी यादी आता २६० जोड्यांवर गेलीय. सातव्या ओळीवरची डाऊनी-भुरीची जोडी तिच्यात पहिली आहे, आणि नवं मॉडेल आलं की मी आधी तीच चालवून बघतो.